ड्रमकिटचे सिम्बल: कोणता कशासाठी, आधी कोणता घ्यायचा आणि बसवायचा कसा

नवं किट घेऊन कोणी माझ्याकडे आलं की मी आधी ड्रमकडे बघतच नाही. सिम्बलच्या, म्हणजे किटवर टांगलेल्या झांजेसारख्या चकतीच्या, कडेला नखाने टिचकी मारतो आणि आवाज विझेपर्यंत थांबतो. तोवर किटमालकाचा चेहरा उतरलेला असतो, कारण त्याने सगळे पैसे चकाकत्या ड्रमवर घातलेले असतात आणि सिम्बल 'किटसोबत आले तेच' असतात.

ड्रम सुधारता येतो. हेड (वरचं ताणलेलं कातडं) बदला, चावीने सूर लावा, किकमध्ये (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रममध्ये) जुनी उशी कोंबा. मध्यम प्रतीचं किटही एका संध्याकाळीत माणसात येतं. सिम्बलला चावी नसते. कारखान्यातून तो जो आवाज घेऊन आला, तोच शेवटपर्यंत. फार तर टेप लावून तो दाबता येतो, पण नसलेला आवाज आणता येत नाही. म्हणून या लेखात ड्रमचा विषय फारसा काढणार नाही.

आधी धातू

घरात जुनी काशाची वाटी असेल तर काढा. तळपायाला तूप लावून घासायची, तीच. ती तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि चमच्याने कडेवर हलकेच वाजवा. मग साधारण तेवढीच पितळी वाटी घेऊन तसंच करा. काशाचा आवाज लांबतो आणि लांबता लांबता बदलतो. एक सूर खाली रेंगाळतो, दुसरा वर थरथरतो. पितळी वाटी त्यामानाने लवकर गप्प होते. सिम्बलच्या किमतींतला निम्मा फरक या दोन वाट्यांत आहे.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. सुरुवातीच्या किटबरोबरचे सिम्बल बहुधा पितळेचे असतात. माइनलची एचसीएस किंवा सेबियनची एसबीआर ही त्यातली ओळखीची नावं. हात बसवायला ते पुरतात, पण आवाज एकसुरी आणि जरा डब्याकडे झुकणारा. त्यावरचा टप्पा बी-८ : ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील. सेबियनची बी८एक्स, झिल्जियानची आय मालिका या त्यातल्या. त्याही वर बी-२०, म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. चारास एक. आपल्या काशाच्या भांड्यांचं प्रमाण याच्या अगदी शेजारचं आहे.

पण नुसता आकडा बघून नाक मुरडू नका. पाइस्टीची २००२ ही मालिका १९७१ साली आली, ती बी-८ ची आहे, आणि रॉक वाजवणाऱ्या व्यावसायिक ड्रमर्सनी ती वर्षानुवर्षं डोक्यावर घेतली. बी-८ चा आवाज लख्ख, सरळ, चटकन कानात शिरणारा. बी-२० चा जास्त गुंतागुंतीचा, थरांचा. चांगलं-वाईट पुढे घडणीवर ठरतं.

घडणीतच पैसे जातात. कथील वाढलं की धातू ठिसूळ होतो. बी-२० ची ओतलेली चकती थंडपणी लाटायला घेतली तर तडकेल. म्हणून ती लालबुंद तापवायची, रुळांतून काढायची, पुन्हा तापवायची, पुन्हा लाटायची आणि शेवटी पाण्यात विझवायची. विझवल्यावर ती हातोडीखाली टिकण्याइतकी मऊ पडते. बी-८ चे तयार पत्रे येतात, त्यातून चकत्या कापल्या की झालं. किमतीतला फरक इथे सुरू होतो.

मग मठार. पुण्यात तांबट आळीतून कधी गेला असाल तर तो आवाज कानात असेल: पातेल्याच्या अंगावर ओळीने पडणारी हातोडी. सिम्बलवरही तेच काम चालतं. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, त्यात ताण भरला जातो. पातेल्यावरचे ठोके नक्षीसारखे एका ओळीत बसले की काम चांगलं. सिम्बलवर ते वेडेवाकडे, खोल-उथळ पडले तर आवाज गडद आणि गुंतागुंतीचा होतो. यंत्राने एकसारखे पडले तर स्वच्छ आणि दर नगाला सारखा. त्यानंतर चरकावर धरून वरचा थर खरवडतात. सिम्बलवरच्या बारीक गोल रेघा म्हणजे त्या चरकाच्या खुणा. काही सिम्बल मुद्दाम न खरवडता काळपट ठेवतात. त्यांचा आवाज कोरडा, लवकर मिटणारा.

आजच्या किटवरच्या सिम्बलची परंपरा बरीचशी तुर्कस्तानातली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये १६१८ च्या सुमारास अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराला तांबं-कथलाचा हा मेळ साधला आणि १६२३ पासून त्याचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. 'झिल' म्हणजे तुर्की भाषेत झांज. झिल्जियान म्हणजे झांज घडवणाऱ्याचं पोर. आपल्याकडे 'तांबट' आडनाव पडलं तसंच. घराण्याचा कारभार १९२९ मध्ये अमेरिकेत गेला. पुढे त्याच घरातल्या रॉबर्टने वेगळं होऊन १९८१ मध्ये कॅनडात सेबियन काढली. मुलांची नावं सॅली, बिल आणि अँडी. त्यांच्या आद्याक्षरांतून कंपनीचं नाव. म्हणजे दुकानात झिल्जियान घेऊ की सेबियन घेऊ असा घोळ घालत उभे असता, तेव्हा तुम्ही एका घरच्या भाऊबंदकीतच उभे असता.

एका चकतीत तीन आवाज

मधला फुगीर घुमट ती बेल. घुमटापासून कडेपर्यंतचा उतार तो बो. आणि शेवटची कड, एज. बेलवर मारलं की टोकदार, घंटेसारखा आवाज. बोवर काठीचं टोक टेकवलं की 'टिंग', आणि त्यामागे मंद सळसळ. कडेवर काठीची मान (टोकामागचा निमुळता भाग) पडली की अख्खी चकती पेटते. राइड, क्रॅश वगैरे नावं म्हणजे या तीन जागांपैकी कोणती मुख्य ठेवून ती चकती घडवली, त्याची नावं.

आकार इंचांत सांगतात. मोठी चकती म्हणजे खालचा सूर आणि लांब शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज. जाडीबाबत मात्र नवखे हमखास उलटं समजतात. जाड सिम्बलचा सूर वर जातो, काठीचा टोका, म्हणजे टोकाचा सुटा ठोका, स्पष्ट येतो, पण तो उघडायला जोर लागतो. पातळ सिम्बल खालच्या सुरात, चटकन उघडतो, चटकन मिटतो. 'मी जोरात वाजवतो म्हणून जाड घेतो' म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: हॉल केवढा? दीडशे माणसांच्या सभागृहात जाड क्रॅश मारला की गायिकेची अर्धी ओळ गेलीच.

हाय-हॅट

किटमधली सगळ्यात जास्त वाजणारी जोडी: एकावर एक दोन सिम्बल, पायाच्या पेडलने उघडणारे-मिटणारे. भजनात टाळ जी जागा भरतात, ती किटमध्ये हिची: उघडं, मिटलं, उघडं, मिटलं, आणि त्यावर सगळ्यांची लय. १९२० च्या दशकात हिचा पूर्वज पोटरीइतक्या उंचीवर असायचा आणि फक्त पायाने वाजायचा. मग नळी लांबली, जोडी हाताच्या टप्प्यात आली आणि काठ्याही त्यावर पडू लागल्या. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात ‘जो जोन्स’ या ड्रमरने याच जोडीवर लय वाहती ठेवून दाखवली.

१४ इंच हा रुळलेला आकार. १३ इंच चपळ आणि तिखट; १५ इंच रुंद, थोडी आळसट, संथ गाण्यांना छान. जोडीतली वरची हलकी आणि खालची जड असते, त्यामुळे मिटल्यावर 'चिक्' स्वच्छ येतो. वरची साधारण किलोभर, खालची त्याहून दोन-तीनशे ग्रॅम जास्त असं प्रमाण बऱ्याच जोड्यांत दिसेल. 'टॉप' आणि 'बॉटम' हे शब्द चकतीवरच छापलेले असतात, तरी निम्म्या सराव-खोल्यांत त्या उलट्या चढवलेल्या मी पाहिल्या आहेत. मुद्दाम उलट्या लावून तिखट आवाज काढणारेही आहेत, पण ते ठरवून.

जोडी लावायची ती अशी. खालची चकती स्टँडच्या कपावर ठेवा. कपाखाली एक छोटा स्क्रू असतो. तो थोडा आत फिरवला की खालची चकती किंचित कलते. हे आवश्यक आहे. दोन्ही चकत्या अगदी समांतर मिटल्या तर मध्ये हवा अडकते आणि 'चिक्' ऐवजी नुसतं 'फप्' येतं. वरची चकती क्लचमध्ये, म्हणजे दांड्यावरच्या पकडीत, दोन फेल्टच्या (मऊ लोकरी चकत्यांच्या) मध्ये बसते. खालचा नट घट्ट करा, पण फेल्ट चिरडेपर्यंत नको. चकती बोटाने ढकलली तर डुलली पाहिजे. मग दोन चकत्यांत सुमारे दोन बोटांचं अंतर ठेवून क्लच दांड्याला आवळा. पायाने दाबून बघा. 'चिक्' खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायला हवा.

शिकताना तीन आवाज वेगवेगळे घोटा: पूर्ण मिटलेली, अर्धवट मिटलेली आणि उघडून लगेच मिटलेली. अर्धवट मिटलेलीवर काठीच्या मानेने मारलं की रॉकमधला तो घोंगावणारा आवाज येतो. पायाचा दाब केसभर बदलला तरी तो बदलतो. माझ्या मते चांगल्या ड्रमरची ओळख हातापेक्षा या डाव्या पायात पटते.

राइड

हाय-हॅट कडव्यात, राइड ध्रुवपदात, असा सोपा हिशेब पॉप-रॉकमध्ये चालतो. जॅझमध्ये तसा नाही. तिथे १९४० च्या आसपास केनी क्लार्क या ड्रमरने लयीचं काम किकच्या ठोक्यांवरून काढून राइडवर नेलं, आणि किक व स्नेअर (समोरचा, काठ्यांनी वाजणारा मुख्य ड्रम) मध्येच चिमटे काढायला मोकळे झाले. तेव्हापासून जॅझमधली लय म्हणजे राइड. मुंबईच्या जुन्या जॅझ बँडांत आणि तिथून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक भरपूर होते; ही चाल इकडे रुळली त्यात त्यांचा मोठा वाटा.

आकार २० ते २२ इंच. वजन बऱ्यापैकी, साधारण दोन-अडीच किलो, म्हणून स्टँडही दणकट हवा. राइड घेताना दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात: टोका आणि सळसळ. जाड राइडवर काठीचं प्रत्येक टोक मोत्यासारखं सुटं ऐकू येतं, गिटारच्या गोंगाटातही. पातळ राइडवर टोक्यांच्या मागे धुक्यासारखा आवाज साचत जातो. जॅझवाल्यांना ते धुकं हवं असतं. कार्यक्रमांतून सगळ्या प्रकारची गाणी वाजवणाऱ्याने मधली जाडी घ्यावी, आणि बेल नीट वाजवून बघावी. आपल्याकडे नाचाच्या गाण्यांत बेलवरचे ऑफबीट (मात्रांच्या मधले ठोके) फार लागतात, आणि बेल बोथट असेल तर ते कुठे जातात कळतही नाही.

परीक्षा अशी घ्या. बोवर मध्यम लयीत एक मिनिट सलग वाजवा. पंधरा-वीस सेकंदांनंतर टोके सळसळीत बुडायला लागले, तर त्या राइडवर द्रुत लय जमणार नाही. मग सलग वाजवताना मध्येच कडेवर एक फटका द्या: ती पेटते का, आणि पेटल्यावर लवकर ताब्यात येते का?

घुमट नसलेली फ्लॅट राइडही मिळते. आवाज साचत नाही, नाजूक वाजते; लहान खोलीत, गझलच्या साथीला सुरेख. काही राइडना कडेजवळ भोकं पाडून सैल रिव्हेट घातलेले असतात. त्यांना सिझल म्हणतात. चांगल्या राइडला भोकं पाडायचं धाडस करू नका. विंगनटला (सिम्बलच्या वरच्या, पंखांच्या नटला) बारीक मण्यांची साखळी अडकवून चकतीवर सोडा. तीच चरचर मिळते आणि नको झाली की काढता येते.

क्रॅश

क्रॅशचं काम समेवर बोट ठेवायचं. रोल संपला, सम आली, क्रॅश. त्याने झटक्यात फुटावं आणि पुढच्या शब्दाला वाट द्यावी. १६ आणि १८ इंच ही जोडी बहुतेकांना पुरते. दोघांत दोन इंचांचं अंतर असलं की सूरही ठळक वेगळे येतात. १६ आणि १७ घेतले तर दोन सिम्बलचे पैसे देऊन दीड सिम्बल घेतल्यासारखं होतं. १४ चा क्रॅश छोट्या झटक्यांना, १९-२० चा मोठ्या मैदानावर.

क्रॅश पातळ किंवा मध्यम-पातळ घ्या. तो लवकर तुटतो असं दुकानदारही सांगतात, पण तुटण्याची कारणं बहुतेक वेळा बसवण्यात आणि मारण्यात असतात. पुढे येतंच आहे.

क्रॅश-राइड म्हणून १८ ते २० इंचांचा एक प्रकार असतो. दोन्ही कामं करतो, दोन्ही अर्धवट. एकच सिम्बल परवडत असेल तर घ्यावा, आणि पुढे तो मोठा क्रॅश म्हणून वापरता येतो.

चायना, स्प्लॅश आणि बाकीची मंडळी

चायनाची कड वर वळलेली, घुमट चौकोनी किंवा डबीसारखा. आवाज खरखरीत, कचऱ्याच्या पत्र्याच्या डब्यावर काठी मारावी तसा, आणि तोच हवा असतो. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या किटवर तो तिथल्या चिनी वस्त्यांमधून आला, टॉमटॉम या ड्रमच्या बरोबरीने. आज मेटलवाल्यांना त्याशिवाय चालत नाही, पण स्विंगच्या काळात राइडसारखीही त्यावर लय धरली जायची. पुष्कळजण तो उलटा टांगतात, कारण सुलटा ठेवला तर वळलेली कड काठीचा भुगा करते. १६ किंवा १८ इंच पुरे. इथे महाग नाव शोधू नका: चीनमधल्या वुहानचे बी-२० चायना स्वस्त आहेत आणि भल्याभल्यांच्या किटवर दिसतात.

स्प्लॅश ८ किंवा १० इंच. पाण्यात खडा टाकल्यासारखा आवाज, लगेच संपणारा. गाण्यात दोन-तीनदा, शब्दांच्या फटीत. नवा स्प्लॅश घेतलेला पोरगा पहिले पंधरा दिवस दर चार मात्रांनी तो वाजवतो. मग आपोआप शहाणा होतो.

स्टॅक म्हणजे दोन सिम्बल एकावर एक ठेवून केलेला चिरका, टाळीसारखा तोकडा आवाज. तयार मिळतात, पण घरचा स्टॅक जास्त चांगला जमतो. खाली चायना, वर स्प्लॅश, मध्ये फेल्ट न ठेवता. भोकांची नक्षी असलेले क्रॅश चायना आणि क्रॅशच्या मधले वाजतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी बारीक छिद्रांचे कमी आवाजाचे सिम्बल निघाले आहेत. काठीचा उसळता स्पर्श खऱ्यासारखा, आवाज शेजाऱ्यांना सोसेल असा. सरावाला उत्तम, मंचावर निरुपयोगी.

कोणत्या क्रमाने घ्यायचे

एका विद्यार्थ्याने विचारलं, "दादा, पूर्ण पॅक घेऊ का? त्यात स्प्लॅशपण फुकट आहे." मी म्हटलं, घरी गेल्यावर तासभर वाजव आणि काठी कुठे किती वेळा पडली ते मोज. हाय-हॅटवर हजारो टोले, राइडवर त्याखालोखाल, क्रॅशवर फार तर शे-दीडशे. पैसे त्याच प्रमाणात जावेत.

म्हणून आधी हाय-हॅट बदला, आणि परवडेल त्यातली सर्वांत चांगली घ्या. मग राइड. मग १६ चा क्रॅश, मग १८ चा. त्यानंतर चायना की स्प्लॅश हे तुम्ही काय वाजवता त्यावर. मधल्या काळात बाकीचे पितळेचे राहू देत. सगळे एकाच मालिकेचे असलेच पाहिजेत असं नाही. लख्ख हाय-हॅटजवळ गडद क्रॅश ठेवला तर मात्र दोन घरची माणसं एका पंगतीत बसल्यासारखं वाटतं, तेवढं बघा.

दुकानात जाताना स्वतःच्या काठ्या न्या. आधी हळू वाजवा, मग जोरात. मित्राला वाजवायला सांगून दहा-पंधरा पावलं मागे जा. श्रोत्याला जे ऐकू येणार ते तिथे कळतं. ड्रमरच्या कानाशी कडक वाटणारा टोका लांबून बऱ्याचदा सुरेख लागतो. हातघडणीचे दोन नग एकाच नावाचे असूनही वेगळे वाजतात, त्यामुळे असे सिम्बल शक्यतो ऐकल्याशिवाय घेऊ नका. निदान त्याच नगाचं रेकॉर्डिंग मागा.

जुना घेत असाल तर उजेडाकडे धरून कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तिथे तडा आहे. मधलं भोक गोल आहे की किल्लीच्या भोकासारखं लांबलेलं, ते पाहा. घुमटाच्या तळाशी बारीक रेघ दिसली तर किंमत कितीही पाडली तरी परत द्या.

बसवणं

माझा पहिला चांगला क्रॅश मी सात महिन्यांत तोडला. सोळा इंची, पातळ, आठ महिने पैसे साठवून घेतलेला. एका कार्यक्रमात स्टँड डुलत होता म्हणून मी विंगनट हाताला कळ येईपर्यंत आवळला आणि तसाच वाजवत राहिलो. स्लीव्ह (दांड्यावरची प्लास्टिकची नळी) आधीच कुठेतरी पडलेली होती. तडा घुमटाकडून नाही, कडेकडून आला, करंगळीच्या नखाएवढा. दोन कार्यक्रमांत बोटभर झाला. चूक शंभर टक्के माझी.

तर क्रम असा: स्टँडच्या दांड्यावर धातूचा वॉशर, त्यावर प्लास्टिकची स्लीव्ह, मग खालचं फेल्ट, सिम्बल, वरचं फेल्ट, विंगनट. स्लीव्ह नसेल तर दांड्याचे आटे काशाला कानशीसारखे घासतात आणि भोक लांबट होतं. हरवली तर फिश टँकच्या पंपाची पारदर्शक नळी इंचभर कापून घाला. माझ्या पेटीत तिची भेंडोळी कायम असते. विंगनट इतकाच फिरवा की सिम्बल मोकळा झुलेल. फटका बसल्यावर तो होडीसारखा डुलला पाहिजे. डुलायला जागा नसेल तर सगळा जोर कडेतच अडकतो.

उजव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी हाय-हॅट डावीकडे, पहिला क्रॅश तिच्या आणि लहान टॉमच्या मध्ये वर, राइड उजवीकडे फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमच्या) डोक्यावर, दुसरा क्रॅश तिच्या पलीकडे. सगळ्यांना तुमच्याकडे थोडा कल द्या, पण भिंतीसारखे उभे करू नका. खुर्चीत बसून खांदे न उचलता प्रत्येकाच्या कडेवर काठीची मान पोचली पाहिजे. राइड बहुतेक लोक फार उंच लावतात आणि मग रात्री खांदा चोळत बसतात.

मारणं

क्रॅशवर कुऱ्हाड घालायची नसते. काठीची मान कडेवर तिरकी पडावी आणि लगेच बाजूला सरकावी, टेबलावरचे खाकऱ्याचे तुकडे हाताने झटकतो तशी. कडेवर काटकोनात, सिम्बलच्या आरपार जाण्याच्या बेताने मारलं की आवाज वाढत नाही, उलट गुदमरतो आणि तडे जातात. राइडवर टोकाची उसळी बोटांनी झेला. मनगट घट्ट धरलं तर टोके दाबल्यासारखे येतात. क्रॅश अचानक थांबवायचा असेल तर मोकळ्या हाताने कड चिमटीत धरा, अंगठा खाली, बोटं वर. ही पकड गाण्याच्या शेवटच्या झटक्याला हमखास लागते, म्हणून तीही घोटून ठेवा.

आणि कानात प्लग घाला. बंद खोलीतला क्रॅश हातभर अंतरावर कानाला रोजच्या रोज सोसवत नाही.

डाग, पावसाळा, तडे

कासं काळं पडणं हा दोष नाही. काही जणांना तोच मुरलेला आवाज हवा असतो. बोटांच्या ठशांतला घाम मात्र धातू खातो, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा. वर्षातून एक-दोनदा कोमट पाणी, सौम्य साबण, आणि रेघांच्या दिशेने गोल हात. लगेच कोरडं करा. चिंच, लिंबू-मीठ किंवा तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर लावू नका. देवघरातली समई लख्ख होते, पण सिम्बलवरचा छापलेला शिक्का जातो, संरक्षक थर असला तर तोही जातो आणि रेघांत पांढरी पूड बसते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात पिशवी बंद करण्याआधी सिम्बल पूर्ण सुकलेत ना बघा, आणि दोन सिम्बलच्या मध्ये कापड घाला, नाहीतर हिरवट डाग धरतात. पिशवी उभी ठेवा, पण नुसत्या फरशीवर आपटून नको; कडेला पहिली चीर प्रवासातही जाऊ शकते.

कडेला छोटा तडा गेलाच तर तड्याच्या अगदी टोकाला तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडून घेतात. गोल भोकापाशी ताण पसरतो आणि तडा तिथे थबकतो. भोक टोकाच्या अलीकडे पडलं तर काहीच उपयोग नाही, म्हणून आधी भिंगातून टोक शोधा. तडा रेघेच्या दिशेने गोल फिरला असेल तर तेवढा तुकडा कापून, कड कानशीने गुळगुळीत करून वाजवणारेही आहेत. दोन्ही उपायांनी थोडी मुदत वाढते, एवढंच.

मुदत संपली तरी फेकू नका. माझा तो सोळाचा क्रॅश अजून किटवर आहे: स्टॅकमध्ये, खालून, आठच्या स्प्लॅशखाली. तड्यामुळे त्याची शेपूट गेली, आणि स्टॅकला शेपूट नकोच असते.